खिंडीतला मुक्काम

काकूंना थंडी सोसत नाही, हे अख्ख्या गल्लीला ठाऊक होतं. उभा जन्म चौकातल्या लाँड्रीत वाफेच्या इस्त्रीपुढे गेलेला. बाहेरून लोक मफलर गुंडाळून, हात चोळत कपडे टाकायला यायचे, तेव्हा काकू आत घाम पुसत असायच्या. त्याचा परिणाम असा झाला, की शटर ओढून घर गाठेपर्यंतच्या चार पावलांतही त्यांना हुडहुडी भरायची. बोटांची टोकं पांढरीफटक पडायची, नाकाचा शेंडा लाल व्हायचा. त्यांचे यजमान म्हणायचे, "आमच्या घरात ऋतू दोनच. एक, हिला थंडी वाजतेय तो. दुसरा, हिला थंडी वाजणार आहे तो."

यजमान शहर बसचे ड्रायव्हर होते. डोक्यावरची टोपी त्यांनी कधी वाकडी होऊ दिली नाही, म्हणून प्रवाशांनी त्यांना कॅप्टन म्हणायला सुरुवात केली. निवृत्त झाल्यावर टोपी खुंटीला गेली, पण नाव चिकटलं ते चिकटलंच.

तर अशा या काकूंनी एके दिवशी जेवता जेवता जाहीर केलं, "आपण वर खिंडीत जायचं. आपल्या व्हॅनमध्येच झोपायचं."

कॅप्टनच्या हातातला घास हातातच राहिला. "खिंडीत? ढगूकडे?"

"दुसरं कोण आहे आपलं तिथे?"

"अगं, या दिवसांत तिथं आंघोळीचं पाणी बादलीत गोठतं."

"मग आंघोळ नाही करणार."

ढगू म्हणजे त्यांची एकुलती एक लेक. लहानपणी शाळेच्या वाटेवर आभाळाकडे बघत चालायची आणि खांबांना धडकायची, म्हणून बापाने ठेवलेलं नाव. त्या नादाचीच पुढे नोकरी झाली. खिंडीतल्या हवामान केंद्रात ती निरीक्षक होती. दर तीन तासांनी बाहेर जायचं, तापमान, वारा, बर्फ मोजायचं आणि खाली कळवायचं. एरवी तिथे दोघं असायचे. पण सहकाऱ्याचा पाय बर्फात मोडला, त्याला खाली आणलं, आणि बदली माणूस मिळेपर्यंत पोर एकटीच राहिली. दिवस असो की रात्र, तीन तासांच्या वर सलग झोप नाही. रस्ता उघडा होता, पण तिला जागा सोडून खाली येता येत नव्हतं.

रोज संध्याकाळी तिचा फोन यायचा. "मी मजेत आहे," हे वाक्य ठरलेलं. काकू ते ऐकून सोडून द्यायच्या. पण त्या दिवशी त्यांनी सहज विचारलं, "आज काय खाल्लंस गं?" आणि पलीकडून उत्तर आलं, "आठवत नाही, आई."

ते तीन शब्द काकूंच्या काळजात रुतून बसले. खाणं पुढे आलं की गाणं म्हणणारी पोरगी, आणि तिला आठवत नाही!

केंद्रात बाहेरच्या माणसाला रात्री मुक्काम करता येत नाही, असा नियम होता. जवळचं एकुलतं एक हॉटेल हिवाळाभर बंद. केंद्राच्या आवारात गाडी उभी करायला मात्र कुणाची ना नव्हती. कॅप्टननी निवृत्तीनंतर पार्सल पोचवणारी एक जुनी व्हॅन घेऊन तिच्यात पलंग, कपाट आणि गॅसची छोटी शेगडी बसवली होती. उन्हाळ्यात ते नदीकाठी जाऊन मासे न पकडता परत यायचे. काकू तिच्यात एकदाच झोपल्या होत्या, तेही भर उन्हाळ्यात, दोन पांघरुणं घेऊन.

बातमी वरच्या मजल्यावर पोचायला वेळ लागला नाही. तिथे वन्सं राहायच्या, कॅप्टनची थोरली बहीण. त्या जिना उतरून आल्या त्या हसतच.

"अगं, फ्रीज उघडला तरी शिंकतेस तू! बर्फात झोपणार म्हणे?"

"बर्फात नाही वन्सं, गाडीत."

"गाडी कशात असणार आहे?"

काकूंनी आधण ठेवलं. त्या म्हणाल्या, "चहा घेता का?"

रंगीत तालीम घरासमोरच करायची ठरली. गल्लीत व्हॅन उभी करून दोघं आत झोपायला गेले. अंगावर पाच पांघरुणं होती, पण खालची गादी म्हणजे जणू बर्फाची लादी. काकूंचे दात वाजायला लागले. कॅप्टनना बघवेना. ते उठले आणि म्हणाले, "दहा मिनिटं शेगडी पेटवून ठेवतो. बघ कशी भट्टी होते ती."

झालीही भट्टी. निळ्या ज्योतीकडे बघत काकूंनी हात शेकले. दारं बंद, खिडक्या बंद, आत छान उबारा. दहा मिनिटांची वीस झाली की तीस, कुणी पाहिलं? मग काकूंचं डोकं जड झालं. कानशिलं ठणकायला लागली, पोटात ढवळलं. "अहो, तुमचं डोकं दुखतंय का?" त्यांनी विचारलं. उत्तर आलं ते फार वेळाने आणि असं जडावलेलं, की आयुष्यात थेंब न घेतलेला माणूस पिऊन आल्यासारखा वाटला. काकू ताडकन उठल्या. त्यांनी लाथेने दार उघडलं, शेगडीचा कान पिरगाळला आणि नवऱ्याला बखोट धरून बाहेर ओढलं. दोघं पायरीवर बसून, माशांसारखी तोंडं उघडी टाकून, थंडगार हवा पीत राहिले.

वरची खिडकी उघडली. "आटोपली का सहल?" वन्संनी विचारलं. मग भावाचा चेहरा दिसला आणि त्या चपला न घालताच खाली धावत आल्या.

सकाळी डॉक्टरांना दाखवून झाल्यावर दोघं गॅरेजवर गेले. गॅरेज चालवणारी बाई एका ट्रकखाली होती, नुसते बूट बाहेर दिसत होते. काकूंनी त्या बुटांनाच सगळी हकीकत सांगितली. बूट हलायचे थांबले. मग ती सरपटत बाहेर आली आणि तशीच जमिनीवर बसून बोलली.

"काकू, काल तुम्ही दार उघडलंत म्हणून आज इथे उभ्या आहात. बंद जागेत काहीही जाळलं, गॅस असो, कोळसा असो, की विषारी वायू साचतो. त्याला वास नाही, रंग नाही. माणसाला नुसतं जड वाटतं, झोप येते. आणि त्या झोपेतून उठणं नाही."

कॅप्टन फरशीकडे बघत होते. इतकी वर्षं शेकडो माणसांना सुखरूप पोचवणारा माणूस तो. "मग वर जायचंच नाही का?" त्यांनी हळूच विचारलं.

"असं कुठे म्हटलं मी? जायचं. पण नीट जायचं."

तिने गाडीला डिझेलचा हीटर बसवला. तो जाळायला लागणारी हवा बाहेरून घेतो, धूर नळीने बाहेरच टाकतो, आणि आत येते ती फक्त तापलेली हवा. पलंगाजवळ तिने विषारी वायूचा अलार्म लावला आणि बटण दाबून त्याची किंकाळी ऐकवली. काकूंनी कानांवर हात ठेवले. "हा ऐकला की विचार करायचा नाही," गॅरेजवाली म्हणाली. "दार उघडायचं आणि बाहेर. आणि कॅप्टन, ही धुराची नळी. हिचं तोंड कायम मोकळं पाहिजे. बर्फाने बुजत असेल तर हीटर बंद. गाडीचं इंजिन चालू ठेवून झोपायचं, हे तर मनातही आणायचं नाही."

मग नवरा-बायकोने कंबर कसली. कॅप्टननी भिंतींच्या पत्र्याआड लोकरीचे थर भरले आणि खिडक्यांच्या मापाचे जाड फोमचे तुकडे कापले. लाँड्रीच्या माळ्यावर कुणीच न्यायला न आलेली लोकरी ब्लँकेटं वर्षानुवर्षं पडून होती. काकूंनी ती धुऊन, वाळवून, एकावर एक शिवून पलंगाखाली घालायची गादी केली, कारण गारठा खालून चढतो, एवढं त्यांची पाठ त्या रात्रीच शिकली होती. दोन चांगल्या स्लीपिंग बॅगा आल्या. वन्संनी रबराच्या दोन शेकायच्या पिशव्या आणून दिल्या आणि वर म्हणाल्या, "माझ्या गुडघ्यांच्या आहेत. हरवू नका."

दुसरी तालीम झाली. या वेळी ऊब होती, डोकं शाबूत होतं. पण काकूंनी अतिउत्साहात प्रत्येक फट चिंध्यांनी बुजवली होती. उजाडलं तेव्हा छताला पाणी लोंबत होतं, उशी ओली, बॅगेला दमट वास. काकूंनी बॅगेला हात लावला आणि त्यांना हसूच आलं. ओलं कापड आणि वाफ यांच्याशी त्यांचा जन्माचा संबंध. "अहो, आपणच रात्रभर वाफ सोडत होतो की! दोन माणसं म्हणजे दोन चालत्या इस्त्र्या." त्यांनी छतावरची झडप दोन बोटं उघडी केली.

"ऊब निघून जाईल ना," कॅप्टन कुरकुरले.

"जाऊ दे थोडी. ही ओल घेऊन वर गेलो तर अंथरुणाचं लाकूड होईल. शिवाय आत हवा नको का यायला?"

तिसऱ्या तालमीनंतर सकाळी सगळं कोरडं ठणठणीत होतं. त्याच दिवशी ते निघाले.

घाटात रस्त्यावरचा बर्फ बाजूला सारणारी मोठी गाडी पुढे आणि तिच्या मागे यांची व्हॅन, अशी वरात निघाली. वळणावर बर्फगाडीवाला थांबला आणि खिडकीतून ओरडला, "वरचं हॉटेल बंद आहे हं, आजोबा!"

"आम्ही आमचं हॉटेल घेऊनच आलोय!" कॅप्टन ओरडले. 'आजोबा' त्यांना जरा लागलं होतं.

केंद्र म्हणजे दगडी भिंतींची बसकी इमारत, एक उंच मनोरा आणि आजूबाजूला डोळे दिपवणारा पांढरा पसारा. गाडीचा आवाज ऐकून ढगू दारात आली. काकूंनी तिला नीट पाहिलं. गाल बसलेले, डोळ्यांखाली काळी वर्तुळं, केसांचा गुंता वर कसाबसा बांधलेला.

"आई? तू? इथे?"

"का, मला बर्फ चालत नाही का?" काकू दात वाजवत म्हणाल्या.

ढगूने आईला अशी घट्ट मिठी मारली, की काकूंना थंडीचा विसर पडला. मग तिला एकदम भान आलं आणि ती रागावली. "बाबा, तुम्हाला तरी कळायला हवं होतं! आज रात्री उणे वीसच्या आसपास जाणार आहे. वारा सुटणार आहे. अजून उजेड आहे, खाली जा."

"आधी जेव," काकू म्हणाल्या.

केंद्रातल्या टेबलावर त्यांनी घरून आणलेलं सूप गरम केलं, पाव भाजला, अंडी उकडली. ढगू अधाशासारखी खात होती. खाता खाता तिचा चमचा थांबला, मान कलली, आणि ती बसल्या जागी झोपली. कॅप्टन आणि काकू श्वास रोखून तिच्याकडे बघत राहिले. एवढ्यात भिंतीवरची घंटा वाजली. पोर दचकून उठली, कोट चढवला, कमरेला दोरी बांधली आणि बाहेर गेली.

खाली जाण्याचा विषय पुन्हा निघाला नाही.

अंधार पडायच्या आत कॅप्टननी गाडी इमारतीच्या आडोशाला लावली. धुराच्या नळीभोवतीचा बर्फ फावड्याने लांबवर साफ केला. काकूंनी केंद्रातून उकळतं पाणी दोन मोठ्या थर्मासांत भरून घेतलं. खिडक्यांना फोम लागले, हीटर सुरू झाला, आणि काकू आतल्या पिवळ्या उजेडात बसून अगदी घरच्यासारखं विणकाम करू लागल्या. जाताना ढगूने बजावलं होतं, "वादळात माझ्याच्याने गाडीपर्यंत येणं होणार नाही. मी दोरी धरून फक्त यंत्रांपर्यंत जाते. काही लागलं तर फोन करा."

वारा आला तो सांगून आल्यासारखा. पण मध्येच त्याने दिशा बदलली. आडोसा राहिला एकीकडे आणि बर्फाचा झोत नेमका नळीच्या बाजूने येऊ लागला. कॅप्टन टॉर्च घेऊन बाहेर गेले, नळीचं तोंड मोकळं करून आले. थोड्या वेळाने पुन्हा गेले. परत आले तेव्हा भुवया पांढऱ्या झाल्या होत्या.

"बुजतंय," ते म्हणाले. "मी काढतो तोवर पुन्हा साचतंय."

"मग बंद करा हीटर."

"अगं, बाहेर काय गारठा आहे, कल्पना आहे का तुला? तुझी बोटं बघ आत्ताच कशी झालीत. मी जागा राहतो. दर अर्ध्या तासाने उकरत बसतो."

"आणि डोळा लागला तर?"

"अलार्म आहे ना! वाजला तर बंद करू."

काकूंनी विणकाम खाली ठेवलं. पायरीवर बसून हवा पिणारा नवरा त्यांच्या डोळ्यांपुढे आला. "अलार्म आहे तो आपण चुकलो तर ओरडायला. चूक करून वाट बघत बसायला नाही. बंद करा म्हणते ना!"

असा आवाज त्या फक्त गिऱ्हाइकाने दुसऱ्याचे कपडे उचलले तरच काढायच्या. कॅप्टननी बटण दाबलं.

हीटरची घरघर थांबली आणि वारा केवढा आहे ते तेव्हा कळलं. गाडी डोलत होती. सगळा जन्म ज्या थंडीला काकू घाबरल्या, ती पत्र्यापलीकडे उभी होती, आणि तिला अडवायला पेटतं असं काही उरलं नव्हतं. एक क्षण त्यांना वाटलं, वन्संचंच बरोबर होतं.

मग त्या उठल्या. "चला. घामाचे कपडे काढा."

"आता?"

"दिवसभर घातलेलं दमट असतं. कोरडं घाला. मोजेसुद्धा. आणि हे खा." त्यांनी लोण्याचा जाड थर दिलेला पाव आणि मूठभर बदाम कॅप्टनच्या हातात कोंबले. "पोटात काही असलं की अंग तापतं."

दोघांनी थंडीने 'हाय हुय' करत कपडे बदलले. त्या तेवढ्याशा जागेत एकमेकांच्या कोपरांचे मार खाऊन झाले. थर्मासातलं पाणी शेकायच्या पिशव्यांत भरून, बुचं दोनदा तपासून, पिशव्यांना लोकरी मोजे चढवून काकूंनी त्या बॅगांत सरकवल्या. कॅप्टननी छताची झडप वारा लागणार नाही त्या बाजूने दोन बोटं उघडी ठेवली आणि खालून हात लावून हवा येतेय ना ते पाहिलं. कानटोप्या कानांवर आल्या. तोंड मात्र बाहेर ठेवायचं, कारण आत श्वास सोडला की बॅग ओली होते. मग दोघं ब्लँकेटांच्या त्या जाड गादीवर, बॅगांच्या चेनी ओढून, वर रजई घेऊन आडवे झाले.

पहिल्यांदा काहीच झालं नाही. काकू पाय जवळ घेऊन, डोळे मिटून, पुढच्या भयंकर गोष्टीची वाट बघत राहिल्या. बोटं दुखत होती. त्यांनी ती पिशवीवर ठेवली. मग पोटऱ्यांना जरा बरं वाटलं. मग गुडघ्यांना. ऊब खालून वर येत होती, दबकत दबकत, अनोळखी मांजर घरात शिरावं तशी. पाठीखाली लोकर होती, गारठ्याला चढायला वाटच नव्हती. काकूंनी बोटं हलवून पाहिली. ती हलली, आणि दुखली नाहीत.

"अहो."

"काय गं? वाजतेय का थंडी?" कॅप्टन धडपडून उठायला लागले.

"नाही हो." काकूंचा स्वर असा होता, की त्यांचा स्वतःवरच विश्वास बसत नव्हता. "मला उकडतंय."

"काय?"

"उकडतंय म्हणते! एक मोजा काढू का?"

कॅप्टन हसायला लागले. काकूही हसल्या. बाहेर वादळ गाडीला धक्के मारत होतं आणि आत दोन म्हातारी माणसं पोट धरून हसत होती.

काकू झोपल्या त्या इतक्या गाढ, की कुणीतरी धडाधड पत्रा वाजवायला लागलं तेव्हा त्यांना वाटलं, दुकानाचं शटर आहे. "आज बंद आहे!" त्या झोपेतच खेकसल्या.

बाहेरचा आवाज एकदम थांबला. मग फावडं जोरात चालू लागलं. ढगूने सकाळचं मोजमाप करून गाडीकडे पाहिलं होतं. तिथे गाडी नव्हतीच, एक पांढरा ढीग होता. हीटरचा आवाज नव्हता, वर उघड्या राहिलेल्या झडपेत उजेड नव्हता, फोनला उत्तर नव्हतं. दोघांचे फोन उशीखाली मोज्यांत गुंडाळलेले. पोर फावडं घेऊन रडत, धापा टाकत दार उकरत होती.

दार उघडलं. बर्फाचं एक ढेकूळ आत पडलं, मागून ऊन आणि मागून ढगूचं भेदरलेलं तोंड. आत तिची आई, कानटोपी तिरकी, गाल टोमॅटोसारखे लाल, डोळे किलकिले करून तिच्याकडे बघत होती.

"दार लाव आधी," काकू म्हणाल्या. "वारा येतोय."

ढगूने फावडं टाकलं आणि ती तशीच बुटांसकट आईच्या अंगावर पडली. हसतेय की रडतेय ते तिचं तिलाही कळत नव्हतं. "आई, उणे एकोणीस होतं! उणे एकोणीस! हीटर बंद, आणि तू घोरत होतीस!"

"मी घोरत नाही. ते तुझे बाबा."

कॅप्टननी रजईतून नुसता हात वर केला. तक्रार मान्य.

चहा झाल्यावर काकूंनी पहिला फोन वन्संना लावला. त्यांनी सगळं सांगितलं. हीटर का बंद केला, मोजा कसा काढला, बर्फाचा ढीग केवढा झाला.

"उणे एकोणीस?" वन्संनी विचारलं.

"एकोणीस."

"आणि घाम आला?"

"थोडासा."

"मग पुढच्या खेपेला माझी जागा धरून ठेव. आणि हे बघ, पिशव्या तुझ्याकडेच राहू देत. वापर."

आपला शब्द कधी मागे न घेणाऱ्या बाईने हे म्हणावं! काकूंनी फोन ठेवला आणि खिडकीबाहेर पाहिलं. आभाळ धुऊन वाळत घातल्यासारखं स्वच्छ होतं. कॅप्टन बाहेर नळीभोवतीचा बर्फ काढत होते आणि काहीतरी बेसूर गुणगुणत होते.

दुपारचं मोजमाप करून ढगू परत आली तेव्हा तिला जेवण वाढून काकूंनी सरळ सांगितलं, "आता पुढच्या वेळेपर्यंत तू गाडीत झोपायचं. घंटेची काळजी करू नकोस, मी तुझ्याजवळ बसते. वेळ झाली की उठवते."

"पण आई, मला झोप लागत नाही गं. मिटले डोळे की वाटतं, चुकली वेळ."

"चुकणार नाही. मी कुणाचे कपडे कधी उशिरा दिलेत?"

ढगूने बूट काढले आणि ती आईच्या बॅगेत शिरली. पिशवी नुकतीच भरलेली होती. तिने गुडघे पोटाशी घेतले, दोनदा सुस्कारा टाकला, आणि तिसऱ्याच्या आत तिचा श्वास लांब, संथ झाला. काकू पलंगाच्या कडेला बसल्या. त्यांनी बॅगेत हात घालून लेकीच्या पावलांना हात लावला. गरम होती. छोट्या मुलीच्या पावलांसारखी, अंथरुणात पेंगलेली, गरम. काकू तशाच बसून राहिल्या. त्यांना कुठेही जायचं नव्हतं, काहीही इस्त्री करायचं नव्हतं. कॅप्टन दारातून डोकावले, बघितलं, आणि दार न वाजवता लावून निघून गेले.

वेळ झाली तेव्हा काकूंनी तिला हलवलं. "ऊठ गं, ढगू."

ढगूने डोळे उघडले. आदल्या दिवशीच्यासारखी ती दचकली नाही. चांगली ऐसपैस आळस देऊन म्हणाली, "किती दिवसांनी झोपले गं मी!" मग पोट चाचपून विचारलं, "रात्री काय करणार आहेस जेवायला?"

काकूंचे डोळे भरून आले, पण त्यांनी तोंड वळवलं. "आधी काम कर."

"तू येतेस?"

"मी?"

"चल ना."

काकूंनी कॅप्टनचा कोट चढवला, मफलरचे तीन वेढे घेतले आणि लेकीचा दंड धरून त्या बर्फात उतरल्या. पाऊल टाकलं की करकर आवाज व्हायचा. वारा पडला होता. ऊन इतकं लख्ख, की दूरच्या शिखराची कडा अन् कडा दिसत होती. मनोऱ्याजवळ तापमापकाच्या पांढऱ्या लाकडी पेटीशी ढगू थांबली आणि तिने तिचं दार उघडलं.

"वाच तू."

"मला कुठे येतंय?"

"पारा कुठे आहे ते बघ फक्त. मी तपासते."

काकूंनी चष्मा पुसला. नाक पेटीत घालून, श्वास रोखून त्यांनी बारीक रेघा मोजल्या. ढगूने मागून वाकून पाहिलं आणि मान डोलावली. काकू मागे वळल्या. गाडीपाशी कॅप्टन फावड्यावर रेलून उभे होते. लाँड्रीत गर्दीच्या वेळी गिऱ्हाइकाला हाक मारावी तसा, खणखणीत, साऱ्या खिंडीला ऐकू जाईल असा आवाज काकूंनी लावला.

"उणे आठ!"

समोरच्या कड्यावरून तो तसाच्या तसा परत आला. कॅप्टननी टोपी नसलेल्या डोक्याला हात लावून सलाम ठोकला.